उभ्या जागी

पूर्ण वेगात काही तक्रार नाही.
चिलोएच्या दोन बेटांमधलं पाणी कापताना
पंधरा घोडे पंधराच्या पंधरा असतात,
वर गॅसच्या टाक्या, बटाट्याची पोती,
शाळेची तीन पोरं.

नखरे सुरू होतात धक्का जवळ आला की.
मूठ मागे फिरवली की उचकी,
दुसरी उचकी,
मग ती शांतता, जिच्यात
पाणी होडीचं पोट चाटताना ऐकू येतं
आणि सगळे माझ्याकडे बघतात.

मंगळवारी बाल्दोमेरो म्हाताऱ्याचा एक पाय पायरीवर होता,
दुसरा होडीत.
इंजिन गेलं, ओहोटीनं होडी ओढली
आणि माणूस कर्कटकासारखा उघडत गेला.
माणूस वाचला. बटाटे गेले.
बटाट्यांबद्दल तो अजून बोलतो.

या बेटावर पेट्रोल मिळत नाही, सल्ला मिळतो.
दुकानवाली ओर्तेन्सिया म्हणाली, प्लग.
प्लग बदलला.
तिचा जावई म्हणाला, पेट्रोलात पाणी असणार.
टाकी उपसली, बरणी उजेडात धरली:
पाणी नव्हतं, एक मेलेला मुंगळा होता.
महिन्यातून एकदा येणारे फादर एवारिस्तो म्हणाले, धीर धर.
मी धरते, फादर,
त्याला सांगा.

रात्री चुलीशेजारी मेणकापडावर
कार्ब्युरेटर उघडला.
आई म्हणाली, जेवायच्या टेबलावर?
वाटीच्या तळाशी गेल्या हिवाळ्यातलं पेट्रोल,
वाळून पिवळं, चिकट.
मोठं जेट स्वच्छ, त्यातून दिवा दिसला.
छोटं, मंद चालीचं, केसाएवढ्या भोकाचं,
डोळ्याला लावलं: अंधार.
फुंकर मारली: अंधार.
सुई घालायची नाही, एवढं बाबांनी शिकवलं होतं.
सुई भोक मोठं करते
आणि मग इंजिन दारुड्यासारखं पीत सुटतं.

भिंतीवर रोसामेलची गिटार.
सगळ्यात बारीक तार
पक्कडीनं कापली.
आईनं पाहिलं. चुलीत लाकूड सारलं.

माझा भाऊ खाली पुंता आरेनासकडे,
सॅमनच्या पिंजऱ्यांवर, चार वर्षं.
फोन करतो तो चालता चालता,
मागे वारा, कुठलं तरी यंत्र,
आणि 'कशी आहेस'च्या आधी 'ठेवतो, ताई'.
घरी आला होता तेव्हाही
दोन्ही दिवस उभ्यानंच जेवला.
भावाची आणि इंजिनाची तुलना करायची नाही
असं मी ठरवलं होतं.

तार आत गेली, अडली, फिरवली.
मेणकापडावर एक काळा कण पडला,
खसखशीहून लहान.
एवढ्यासाठी?
जेट पुन्हा डोळ्याला लावलं:
चूल दिसली.

सकाळी पिंपात पाणी भरून इंजिन लटकवलं.
स्क्रू हलक्या हातानं टेकेपर्यंत आत,
मग दीड फेरा बाहेर.
तिसऱ्यांदा दोरी ओढल्यावर पेटलं.
मूठ मागे घेतली. श्वास धरला.
थरथरलं, खोकलं,
पाव फेरा आणखी,
आणि मग लागलं पुटपुटायला,
मंद आचेवरच्या शिंपल्यांच्या पातेल्यासारखं,
झाकण हलतंय, उतू जात नाही.
बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार.
शेजाऱ्यांची डुकरं बघायला आली.

गिटारला आता पाच तारा आहेत.
तो आला तर विचारेल.
किंवा विचारणार नाही.

धक्क्यावर बाल्दोमेरोनं एक पाय पायरीवर ठेवला,
दुसरा होडीत,
आणि कान दिला.
चालू आहे?
चालू आहे.
मग तो तिथेच, तसाच फाकलेला,
गुडघ्याचं सांगू लागला,
मग सुनेचं,
मग बटाट्यांचं, अगदी पेरणीपासून.

इंजिन बंद न पडता थांबलं होतं.
मीही त्याला घाई केली नाही.
केली, थोडी.
पोरांना शाळेला उशीर झाला.